स्मृतिप्रासादाचा स्थपती : मात्तेओ रिच्ची

शास्त्राध्ययनाचा पाया पाठ हा होय. ग्रंथ कंठी नसेल तर विचार पोथीच्या पानांत अडकून राहतो. पोथी मिटली की विचारही मिटतो. म्हणून आश्रमात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यास आधी पाठ द्यावा व अर्थ पुढे सांगावा, ही जुनी रीत आहे. परंतु पाठ देण्यास आरंभ होऊन आठ-पंधरा दिवस लोटले की बहुतेक विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन येतात. हे सारे लवकर मुखोद्गत होण्याची काही युक्ती आहे काय? शहरांतून अशा युक्त्या शिकविणारे वर्ग चालतात, त्यांची पुस्तके खपतात. तेव्हा युक्ती असलीच पाहिजे, आणि गुरुजन ती सांगत नाहीत एवढेच, असाही काहींचा ग्रह होतो.

हा प्रश्न आजचा नाही. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी चीन देशातील एका प्रांताधिपतीने आपल्या तीन पुत्रांसाठी हीच युक्ती एका परदेशी संन्याशाकडे मागितली होती. त्या संन्याशाने ती हातची राखली नाही. चिनी भाषेत त्यावर ग्रंथच लिहून दिला. त्या ग्रंथाचे पुढे काय झाले हे समजण्यासाठी त्याच्या कर्त्याचे चरित्र पाहणे उपयुक्त ठरेल. मात्तेओ रिच्ची हे त्यांचे नाव. चिनी लोक त्यांना ली मादोउ म्हणत. त्यांचा धर्म वेगळा, सिद्धान्त वेगळा; त्याची चर्चा येथे प्रस्तुत नाही. स्मरण या एकाच अंगाने त्यांचे जीवन आपणांस पाहावयाचे आहे.

रिच्ची यांचा जन्म इटली देशातील माचेराता या गावी ६ ऑक्टोबर १५५२ रोजी झाला. वडील औषधविक्रेते व गावात प्रतिष्ठित. मुलाने कायदा शिकून अधिकारपद मिळवावे ही त्यांची इच्छा, म्हणून १५६८ मध्ये त्यांनी त्यास रोम येथे धाडले. मुलाचे मन मात्र दुसरीकडे ओढले गेले आणि १५७१ च्या ऑगस्टमध्ये त्याने जेझुइट संघात प्रवेश घेतला. हे ऐकताच वडील त्यास परत आणण्यासाठी निघाले. परंतु वाटेत तोलेंतीनो गावी त्यांना ज्वर भरला. हा ईश्वरी संकेत समजून ते तेथूनच माघारी फिरले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. घरून न्यावयास आलेले आप्त व न परतणारा पुत्र हा प्रसंग सर्वच देशांतील विरक्तांच्या चरित्रांत कोठे ना कोठे भेटतो.

रोमच्या विद्यापीठात त्यांना क्लावियुस नावाचे थोर गणिती गुरू लाभले. त्या गणिताचा लाभ पुढे जन्मभर झाला. आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे तो तेथे शिकविल्या जाणाऱ्या वक्तृत्वशास्त्राचा. प्राचीन रोमन आचार्यांनी या शास्त्राची पाच अंगे मानली होती : विषयाचे शोधन, मांडणी, शब्दयोजना, स्मरण आणि उच्चारण. स्मरण हे स्वतंत्र अंग होते आणि त्याची पद्धतही ठरलेली होती. तिचा उगम एका ग्रीक आख्यायिकेत सांगतात. सिमोनिदीस नावाचा कवी थेसली प्रांतातील स्कोपास या धनिकाकडे भोजनास गेला होता. काही निमित्ताने तो बाहेर आला असता मागे छत कोसळले आणि आतील सर्व जण चिरडून गेले. प्रेते ओळखता येईनात. तेव्हा सिमोनिदीसाने पंगतीत कोण कोठे बसला होता ते आठवून प्रत्येकाची ओळख पटविली. स्थान आठवले की स्थानावरची वस्तू आठवते, हे तत्त्व त्याच्या ध्यानी आले, असे ही कथा सांगते.

या तत्त्वावर पुढील आचार्यांनी पद्धती उभारली. साधकाने आपल्या परिचयाचे एखादे घर, देवालय किंवा वाडा मनात आणावा. त्यात फिरण्याचा क्रम पक्का करावा : दार, ओसरी, पहिला खांब, कोनाडा, आतील दालन. मग जे लक्षात ठेवावयाचे त्याचे एकेक चित्र करून एकेका स्थानी मांडावे. चित्र फिके असू नये. ते पाहताच आश्चर्य, भय किंवा हसू यावे असे असावे. स्थाने फार दाटीने किंवा फार अंतरावर असू नयेत, अति अंधारी वा अति उजेडाची असू नयेत. एका प्राचीन लॅटिन ग्रंथाने स्थानांमध्ये सुमारे तीस फूट अंतर असावे असेही सांगितले आहे, आणि मोजदाद चुकू नये म्हणून दर पाचव्या स्थानी खूण ठेवावी, जसे पाचव्यावर सोन्याचा हात. मागाहून त्या वाड्यात मनाने फेरी मारली की चित्रे क्रमाने भेटतात. उलट बाजूने फिरले तर उलट क्रमाने भेटतात. पाठ उलटा म्हणून दाखविण्याचे रहस्य एवढेच आहे.

१५७७ मध्ये रिच्ची यांनी रोम सोडले, २४ मार्च १५७८ रोजी लिस्बन बंदरातून गलबत हाकारले गेले आणि १३ सप्टेंबरला ते गोव्यास पोहोचले. त्यांच्याच तांड्यात रोदोल्फो आक्वाव्हीवा होते, जे पुढे अकबराच्या दरबारी गेले व १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे मारले गेले. पुढल्याच वर्षी, १५७९ मध्ये, त्याच संघाचे थॉमस स्टीफन्स गोव्यास आले. मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचणारे ते हेच. एकाच मठपरंपरेतील दोन तरुण. एकाने मराठी आत्मसात केली, दुसऱ्याने चिनी. परकी भाषा पुस्तकी न राहता स्वतःची होईपर्यंत घोकावी लागते हे दोघांच्याही जीवनात दिसते.

गोव्याच्या विद्यालयात रिच्ची यांनी लॅटिन व ग्रीक शिकविले. हवा मानवली नाही. आजारामुळे कोचीनला जावे लागले. तेथेच १५८० मध्ये त्यांना दीक्षेचा अंतिम अधिकार मिळाला. गोव्यातील त्यांच्या वास्तव्याची एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. एतद्देशीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र हे वरचे विषय शिकवू नयेत, असा निर्णय तेथील वरिष्ठांनी घेतला, तेव्हा सुमारे २९ वर्षांच्या रिच्ची यांनी १५८१ मध्ये रोमच्या मुख्याधिकाऱ्यास पत्र लिहून त्यास विरोध दर्शविला. विद्या कोणास द्यावी व कोणास नाकारावी या प्रश्नावर ते कोणत्या बाजूस उभे होते हे यावरून कळते.

१५८२ च्या एप्रिलमध्ये ते गोव्याहून निघाले आणि ऑगस्टमध्ये मकाव येथे उतरले. सहकारी मिकेले रुज्जेरी तेथे आधीच चिनी शिकत होते. दुसऱ्या वर्षी दोघांनाही झाओछिंग नगरात राहण्याची अनुज्ञा मिळाली. आरंभी त्यांनी बौद्ध भिक्षूंप्रमाणे मुंडन करून तसाच वेष धारण केला.

चिनी लेखनात अक्षरमाला नाही. प्रत्येक शब्दास स्वतंत्र चिन्ह. आपला विद्यार्थी बाराखडी संपवितो आणि कोणतीही पोथी उच्चारू शकतो. तेथे सहस्रावधी चिन्हे एकेक करून डोळ्यांत व हातात बसवावी लागतात. शिवाय एकच उच्चार वेगवेगळ्या सुरांत म्हटला तर अर्थ बदलतो. हाताशी छापील कोश नव्हता. त्या काळातील पोर्तुगीज-चिनी शब्दसंग्रहाचे एक हस्तलिखित रुज्जेरी व रिच्ची या दोघांशी निगडित मानले जाते. पुढे १५९८ मध्ये पेकिंगहून परततानाच्या नौकाप्रवासात रिच्ची यांनी सहकारी कात्तानेओ यांच्या साहाय्याने सुरांसाठी खुणा ठरविल्या. कात्तानेओ यांना संगीताचे ज्ञान असल्याने हे काम साधले. रिच्ची यांची स्मृती पुढे लोकांत चमत्कार म्हणून गाजली; पण तिच्या मागे अशी वर्षानुवर्षांची घोकणी होती, हे तिची वाखाणणी करणारे सहसा सांगत नाहीत.

१५८९ मध्ये झाओछिंग सोडावे लागले आणि शाओचौ येथे राहणे झाले. येथील वर्षे कष्टाची गेली. दोन सहकारी, एक १५९१ मध्ये व दुसरा १५९३ मध्ये, आजारात गेले. १५९२ मध्ये रात्री घरावर हल्ला झाला. रिच्ची यांच्या हातास कुऱ्हाडीचा घाव लागला आणि खिडकीतून उडी घेताना पाय मुरगळला, तो पुरता बरा झाला नाही. अशा दिवसांत ते चिनी चतुर्ग्रंथीचा, म्हणजे कन्फ्यूशियसपरंपरेतील चार मूळ ग्रंथांचा, पाठ गुरूपाशी बसून करीत होते आणि त्यांचा लॅटिन अनुवाद रचीत होते. याच काळात छू थाइसू नावाचे एक विद्वान किमया शिकण्याच्या आशेने त्यांच्याकडे आले व गणित शिकून गेले. भिक्षूचा वेष टाकून पंडिताचा वेष घ्यावा, म्हणजे विद्वान लोक बरोबरीने बोलतील, असा सल्ला देणाऱ्यांत ते होते. १५९५ मध्ये रिच्ची यांनी तसे केले.

त्याच वर्षी एका अधिकाऱ्याबरोबर उत्तरेस जाताना नदीच्या ओढीत नाव उलटली. सोबतचा तरुण विद्यार्थी बुडाला, रिच्ची कसेबसे वाचले. नानकिंगमध्ये थारा मिळाला नाही. जूनच्या अखेरीस ते च्यांग्शी प्रांताची राजधानी नानछांग येथे आले, आणि येथेच त्यांच्या स्मरणविद्येची कीर्ती झाली.

त्या काळचा चीन म्हणजे परीक्षांचा देश. अधिकारपद हवे तर जिल्हा, प्रांत आणि राजधानी अशा तीन पायऱ्यांच्या परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागत, व त्यांचा विषय म्हणजे मुख्यतः चार ग्रंथ आणि पाच सूत्रग्रंथ. एका जपानी इतिहासकाराने त्यांच्या अक्षरांची मोजणी केली आहे. कालवृत्तावरील मोठे भाष्य धरून ती संख्या ४,३१,२८६ भरते. रोज २०० अक्षरे पाठ केली तर सुमारे सहा वर्षे लागतात. मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की बसविला जाई. आचार्य ओळ वाचीत, मुलगा मागून म्हणे, मग पन्नास-शंभर आवर्तने होत. पाठ द्यावयाच्या वेळी मुलगा पुस्तक आचार्यांपुढे ठेवून त्यांच्याकडे पाठ फिरवून उभा राही आणि म्हणून दाखवी. चिनी भाषेत पाठीला व पाठांतराला एकच चिन्ह आहे. मराठीतही पाठ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, जरी त्या दोहोंची व्युत्पत्ती निराळी आहे. हा योगायोग मौजेचा खरा.

प्रांताची परीक्षा तीन वर्षांतून एकदा नानछांगमध्ये होई. सहस्रावधी उमेदवार येत आणि त्यांतून अवघे ९५ निवडले जात. ज्या नगरातील प्रत्येक सुशिक्षित घर पाठांतराच्या ओझ्याखाली वाकले होते, त्या नगरात एक परदेशी मनुष्य एकदा वाचून शेकडो अक्षरे म्हणून दाखवू लागला, तर काय होईल याची कल्पना करावी.

झाले ते असे. विद्वानांच्या एका मेळाव्यात रिच्ची यांनी त्यांना सांगितले की कोणताही क्रम किंवा अर्थ न ठेवता मनास येतील ती चिनी अक्षरे कागदावर लिहावीत. ती चारशे-पाचशे भरली. रिच्ची यांनी यादी एकदा वाचली आणि सर्व अक्षरे लिहिल्या क्रमाने म्हटली. मंडळी विस्मित झाली. तेव्हा तीच यादी शेवटाकडून आरंभाकडे म्हणून त्यांना पुरते थक्क केले. वार्ता पसरली. घरी माणसांची रीघ लागली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमधील पत्रात रिच्ची यांनी लोक कशासाठी येतात त्याचा हिशेब दिला आहे. कोणी चिनी बोलणारा परदेशी पाहण्यास येई, कोणी पाऱ्याची चांदी करण्याच्या अफवेने येई, कोणी गणितासाठी, कोणी स्मरणाच्या युक्तीसाठी; आणि ज्या धर्मविचारासाठी ते घरदार सोडून इतक्या दूर आले होते तो ऐकण्यासाठी येणारे सर्वांत थोडे होते. युक्तीने गर्दी जमली होती आणि ती युक्तीसाठीच जमली होती, हे त्यांना स्वतःलाही दिसत होते.

प्रांताधिपती लू वानगाई यांच्या कानी ही कीर्ती गेली. ते स्वतः परीक्षांच्या सर्व पायऱ्या चढून आलेले. तिन्ही पुत्र परीक्षेच्या तयारीत होते. त्यांच्या विनंतीवरून रिच्ची यांनी १५९६ मध्ये पश्चिम देशांच्या स्मरणपद्धतीवर चिनी भाषेत एक लहान ग्रंथ लिहिला. शीग्वो जीफा हे त्याचे नाव. त्यात सिमोनिदीसाची कथा आहे, स्थाने कशी निवडावी याचे नियम आहेत, आणि स्मृतीचे ठिकाण मेंदूच्या मागील भागात असते असा त्या काळचा पाश्चात्त्य समजही आहे. विसरलेले आठवताना माणूस डोक्याचा मागचा भाग खाजवितो, हे त्याचे प्रमाण म्हणून दिले आहे.

ग्रंथातील उदाहरण पाहण्यासारखे आहे, कारण त्यात रिच्ची यांचे खरे चातुर्य दिसते. चिनी चिन्ह अनेकदा लहान चिन्हांच्या जोडणीतून बनते. रिच्ची ते फोडतात व तुकड्यांचे चित्र करतात. युद्धवाचक वू हे चिन्ह भाला आणि थांबणे या दोन अंशांचे मानले जाते. म्हणून दिवाणखान्याच्या पहिल्या कोपऱ्यात दोन योद्धे उभे करावे, एकाने भाला उगारला आहे आणि दुसऱ्याने त्याचे मनगट धरून वार रोखला आहे. याओ म्हणजे आवश्यक. त्यात पश्चिम दिशा व स्त्री ही चिन्हे दिसतात. म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात पश्चिमेकडील परमुलखातील एक स्त्री. ली म्हणजे लाभ. त्यात धान्य व सुरी. म्हणून तिसऱ्या कोपऱ्यात विळ्याने पीक कापणारा शेतकरी. हे ली चिन्ह रिच्ची यांनी स्वतःच्या चिनी आडनावासाठीही घेतले होते. हाओ म्हणजे चांगले. त्यात स्त्री व मूल. म्हणून चौथ्या कोपऱ्यात मुलास कडेवर घेतलेली दासी. दिवाणखान्यात शिरले की चौघे क्रमाने भेटतात आणि चार अक्षरे परत मिळतात.

लू यांच्या ज्येष्ठ पुत्राने ग्रंथ काळजीपूर्वक वाचला. त्याचा अभिप्राय रिच्ची यांनी ऑक्टोबर १५९६ च्या पत्रात प्रांजळपणे कळविला आहे. त्या तरुणाच्या मते हे नियम स्मरणाचे खरे नियम आहेत यात शंका नाही, परंतु ते वापरण्यासाठी मुळातच फार चांगली स्मृती हवी.

या अभिप्रायाची थट्टा करण्याचे कारण नाही. त्या तरुणाने नेमके वर्म हेरले होते. चार अक्षरांसाठी चार चित्रे व चार कोपरे लागतात. चार लाख अक्षरांसाठी केवढे नगर बांधावे लागेल? आणि जे चित्र कोपऱ्यात उभे करावयाचे त्याचा त्या कोपऱ्याशी काही संबंध नसतो. भालाईत दिवाणखान्यात का उभा आहे याला उत्तर नाही. संबंध नसलेल्या दोन गोष्टी बळाने सांधणे हाच एक वेगळा पाठ होऊन बसतो. शिवाय सूत्रग्रंथाची वाक्ये ही अक्षरांची यादी नव्हे. त्यांत एक वाक्य दुसऱ्याचा हात धरून येते. अर्थाचा धागा आधीच आहे तेथे वाड्याच्या खुंट्या कशास हव्यात?

याउलट, स्थान व प्रसंग यांचा मुळातच संबंध असेल तेथे हीच पद्धती ओझे न होता आधार होते. आपल्या पंथातील वाचकांस हे समजाविण्याची गरज नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळा ज्या ज्या स्थानी घडल्या, त्या स्थानांसह त्या जतन झाल्या; स्थानपोथीसारखा ग्रंथ तर स्थानांच्या नोंदीसाठीच आहे. डोमेग्रामचे स्मरण केले की तेथील लीळा येतात, प्रतिष्ठानाचे केले की तेथील. येथे वाडा कल्पनेने बांधावा लागत नाही. स्थानास वंदन करणारा साधक पायांनी चालत असतो आणि स्मरणही त्याच वाटेने चालते. रिच्ची यांनी ज्या तत्त्वाचा कृत्रिम उपयोग केला ते तत्त्व येथे आपल्या मूळ जागी आहे, असे मला वाटते.

तथापि रिच्ची यांची पद्धती फोल म्हणता येणार नाही. २०१७ मध्ये न्यूरॉन या शास्त्रीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्मरणाचे कोणतेही शिक्षण नसलेल्या सामान्य लोकांना ७२ शब्दांची यादी दिली असता सरासरी २६ शब्द आठवले. त्यांतील एका गटाने या स्थानपद्धतीचा रोज अर्धा तास असा चाळीस दिवस अभ्यास केला, तेव्हा त्या गटास सरासरी ६२ शब्द आठवू लागले. ही वाढ लहान नव्हे. म्हणजे लू यांच्या पुत्राचे म्हणणे अर्धे दुरुस्त करावे लागते : जन्मजात विलक्षण स्मृती नसली तरी चालेल, परंतु चाळीस दिवस नेमाने बसण्याची तयारी हवी. आणि प्रयोगात दिलेली होती ती यादी, हेही ध्यानी ठेवावे. जेथे अंगचा धागा नाही, नुसता क्रम आहे, तेथे ही पद्धती कामी येते. ग्रंथातील प्रकरणांची नावे, नामावळ्या, गुरुपरंपरेतील क्रम, प्रवचनातील मुद्दे यांसाठी विद्यार्थ्याने आपल्या आश्रमाचे दार, ओटा, विहीर, तुळस या क्रमाने स्थाने बांधून पाहावीत. कोणाचीही हरकत नसावी. सूत्राच्या पाठासाठी मात्र तिच्यावर विसंबू नये. सूत्रात एक विभक्ती ढळली तरी अर्थ ढळतो, आणि चित्राला विभक्ती नसते. योद्धा दिसेल, त्याने मारले की त्यास मारले हे चित्रावरून ठरविताना गफलत होईल. वैदिकांनी पदे उलटसुलट म्हणण्याचे जटा, घन इत्यादी पाठ बसविले ते याच भयाने. त्यांत चित्र कोठेच नाही. आहे ती केवळ शब्दांची आवृत्ती, आणि तीही प्रत्येक पद शेजारच्या पदाशी पुनःपुन्हा घासून पाहणारी.

प्रतिमा व वस्तू यांतील भेद रिच्ची स्वतः जाणून होते. १५९९ मध्ये नानकिंग येथे सानह्वाय या बौद्ध आचार्यांशी त्यांचा वाद झाला. सूर्य आठवला असता मनात सूर्य निर्माण होतो, म्हणून मन हे सृष्टीचे कर्ते आहे, अशा आशयाचा त्या आचार्यांचा पक्ष होता. रिच्ची यांनी आरशाचा दृष्टान्त घेतला : आरशात सूर्य दिसतो म्हणून आरशाने सूर्य केला असे होत नाही. वाद कोणी जिंकला हे दोन्ही पक्षांचे लोक आपापल्या परीने सांगत असणारच. आपणांस एवढेच पाहावयाचे की ज्याने जन्मभर मनात प्रतिमा मांडल्या, तो प्रतिमेला प्रतिमाच समजत होता.

पुढील वृत्तान्त थोडक्यात सांगतो. २४ जानेवारी १६०१ रोजी रिच्ची पेकिंग राजधानीत पोहोचले. सम्राट वानली यांना दिलेल्या भेटींत दोन घड्याळे होती. ती चालू ठेवण्यास माहीतगार मनुष्य हवा, या निमित्ताने त्यांचे तेथील वास्तव्य पक्के झाले. सम्राटाचे प्रत्यक्ष दर्शन त्यांना कधीच झाले नाही. जगाचे मोठे मानचित्र १६०२ मध्ये छापले गेले. शू ग्वांगछी या विद्वान अधिकाऱ्यासह त्यांनी युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा खंड चिनीत आणले. ते १६०७ मध्ये प्रसिद्ध झाले. राजधानीत त्यांची प्रतिष्ठा या कार्यावर उभी राहिली. स्मरणाचे खेळ मागे पडले. परीक्षेसाठी राजधानीत जमणारे उमेदवार शेवटपर्यंत भेटीस येत, आणि चिनी शिष्टाचाराप्रमाणे प्रत्येकाची परतभेट घ्यावी लागे. या ये-जा करण्याने ते थकून गेले होते. ११ मे १६१० रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. सम्राटाने समाधीसाठी भूमी दिली, हा परदेशीयास दुर्मीळ असा मान होता. ती समाधी १९०० च्या बंडात उद्ध्वस्त झाली व १९६६ नंतरच्या धामधुमीत पुन्हा तिची हानी झाली. मागाहून तिचा जीर्णोद्धार करण्यात आला.

अखेरच्या दोन वर्षांत त्यांनी आपल्या चीनमधील कार्याचा साद्यंत वृत्तान्त इटालियन भाषेत लिहिला होता. त्रिगो नावाच्या सहकाऱ्याने ते हस्तलिखित युरोपात नेऊन १६१५ मध्ये लॅटिन रूपात प्रसिद्ध केले. मूळ इटालियन प्रत पुढे अभ्यासकांच्या हाती आली. सत्तावीस वर्षांतील गावे, माणसे, पदव्या, भेटी, कोणत्या मेजवानीस कोण आले होते, हे सारे त्यात रेखीवपणे उतरले आहे. भाषा मात्र डागाळली आहे. जागोजागी पोर्तुगीज शब्द आणि पोर्तुगीज वळणे शिरली आहेत. चिनी अक्षरे ते रोज लिहीत होते, सहकाऱ्यांशी रोज पोर्तुगीज बोलत होते. आईकडून शिकलेली बोली बोलण्यास त्यांना तेथे फारसे कोणी उरले नव्हते.